आंबवलेल्या पदार्थांतील जीवाणूंची जीवाणूरोधी चाचणी : झोन नेमका कशामुळे पडला, हे कसे शोधावे

सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला किंवा एम.एस्सी.ला असलेले अनेक विद्यार्थी प्रकल्पासाठी दही, ताक किंवा आंबोळीचे पीठ निवडतात, त्यातून लॅक्टिक आम्ल जीवाणू वेगळे करतात आणि ते इतर जीवाणूंची वाढ रोखतात का, हे पाहतात. अगार प्लेटवर स्वच्छ झोन, म्हणजे जीवाणूंची वाढ न झालेले वर्तुळ, दिसला की अहवालात लगेच ‘बॅक्टेरिओसिन तयार करणारा प्रोबायोटिक जीवाणू मिळाला’ असे वाक्य येते. त्या वाक्यातील दोन्ही दावे बहुतेक वेळा सिद्ध झालेले नसतात. दह्यातल्या जवळपास कोणत्याही जीवाणूचा ब्रॉथ (तो वाढवलेले द्रव माध्यम) आम्लधर्मी असतो, आणि आम्लाने झोन पडतोच. बॅक्टेरिओसिन हे एका जीवाणूने तयार केलेले, दुसऱ्या जीवाणूंना रोखणारे प्रथिन असल्यामुळे त्याचा दावा करण्याआधी आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड हे दोन घटक बाजूला काढावे लागतात, आणि त्यानंतर उरलेला परिणाम प्रथिनामुळेच होतो, हे दाखवावे लागते. पुढील टप्पे त्यासाठीच लावलेले आहेत. त्यांचा क्रम बदलल्यास शेवटी हाती येणाऱ्या आकड्यांना अर्थ राहत नाही.

टप्पा १ : नमुना निवडणे आणि आणणे

नवा जीवाणू शोधायचा असेल तर दुकानातले पाकीटबंद दही घेऊ नये. ते उत्पादकाने निवडलेल्या विरजणावर लावलेले असते, त्यामुळे त्यातून मिळणारा जीवाणू हा बहुधा त्या विरजणाचाच असतो. घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले विरजण, ज्वारीची किंवा नाचणीची आंबील, कोकणातील आंबोळीचे पीठ, गोव्यात सूर घालून आंबवलेले सान्नांचे पीठ, कुरडयांसाठी तीन दिवस भिजत ठेवलेल्या गव्हाचे पाणी हे नमुने अधिक उपयोगी आहेत. कुरडयांच्या गव्हाकडे फारसे कोणी वळत नाही, याचे मला वाईट वाटते. रोज पाणी बदलूनही त्या गव्हाला जो आंबट वास येतो तो आम्ल तयार करणाऱ्या जीवाणूंमुळेच येतो, आणि हा नमुना उन्हाळ्यात महाराष्ट्रातील असंख्य घरांत सहज मिळतो. तेलात मुरवलेले आंब्याचे लोणचे मात्र टाळावे. त्यातील मीठ, तेल आणि कैरीचे स्वतःचे आम्ल यांमुळे त्यात लॅक्टिक किण्वन अनेकदा फारसे होतच नाही.

नमुना निर्जंतुक चमच्याने, वरचा थर बाजूला सारून, मधल्या भागातून घ्यावा. तो निर्जंतुक बाटलीत भरून बर्फाच्या पेटीतून आणावा आणि शक्यतो त्याच दिवशी वापरावा. बाटलीवर पदार्थ, ठिकाण, तारीख, आंबवण्याचे तास आणि नमुन्याचा पीएच लिहावा.

पडताळणी : पीएच प्रयोगशाळेत नमुना उघडल्याबरोबर मोजला का? दुसऱ्या दिवशी मोजलेला पीएच हा त्या पदार्थाचा राहत नाही.

टप्पा २ : माध्यमे आणि साहित्य

लॅक्टोबॅसिलस गटासाठी एमआरएस अगार वापरतात. १९६० साली डी मान, रोगोसा आणि शार्प यांनी मांडलेल्या या माध्यमात लिटरला २० ग्रॅम ग्लुकोज असते, आणि पुढच्या अनेक घोटाळ्यांचे मूळ या ग्लुकोजमध्ये आहे, कारण जीवाणू त्याचे भरपूर आम्ल बनवतात. म्हणून शोधासाठी दोन प्रकारचे एमआरएस तयार ठेवावे. वाढीसाठी नेहमीचे, आणि प्राथमिक चाचणीसाठी ग्लुकोज ०.२ टक्क्यांवर आणलेले. दह्यातील लॅक्टोकॉकस हवे असतील तर एम१७ अगार घ्यावे आणि त्यातील लॅक्टोज वेगळे निर्जंतुक करून नंतर मिसळावे.

एमआरएस अगारवर फक्त लॅक्टिक आम्ल जीवाणूच वाढतात, असे समजू नये. त्यावर यीस्ट सहज वाढते, आणि आंबोळी किंवा सान्नांच्या पिठातून ते मोठ्या प्रमाणात येते. अशा नमुन्यांसाठी माध्यमात नाटामायसिन किंवा सायक्लोहेक्झिमाइड घालावे. सायक्लोहेक्झिमाइड विषारी असल्यामुळे हातमोजे घालूनच हाताळावे. माध्यमात ०.५ ते १ टक्का कॅल्शियम कार्बोनेट मिसळल्यास आम्ल तयार करणाऱ्या कॉलनीभोवती पांढुरके माध्यम पारदर्शक होते आणि निवड सोपी जाते. प्लेट ओतण्याआधी फ्लास्क हळूवार फिरवत राहावा, नाहीतर कार्बोनेट तळाशी बसते आणि शेवटच्या प्लेटमध्ये सगळे एकवटते.

ऑटोक्लेव्ह १२१ अंश सेल्सिअसला १५ मिनिटे पुरतो. त्याहून जास्त वेळ ठेवल्यास ग्लुकोज करपून माध्यम गडद तपकिरी होते, आणि अशा माध्यमात जीवाणूंची वाढ मंदावते.

टप्पा ३ : विरलन आणि प्लेटिंग

१० ग्रॅम नमुना ९० मिलि निर्जंतुक ०.१ टक्के पेप्टोन पाण्यात नीट एकजीव करावा. ही पहिली, दहापट विरलनाची (पातळ करण्याची) पातळी झाली. तिथून प्रत्येक वेळी १ मिलि द्राव ९ मिलि पाण्यात घेत पुढे जावे. प्रत्येक पायरीला नवी टिप वापरावी आणि नळी व्होर्टेक्सवर हलवल्याशिवाय पुढची उचल घेऊ नये. चांगल्या लागलेल्या दह्यासाठी पाचव्या, सहाव्या आणि सातव्या पायरीतील प्रत्येकी ०.१ मिलि द्राव प्लेटवर पसरावा, आणि प्रत्येक पायरीच्या दोन प्लेट ठेवाव्यात.

दह्याच्या प्लेट ३७ अंशांना, तर आंबोळी, आंबील आणि गव्हाच्या पाण्याच्या प्लेट ३० अंशांना, ४८ ते ७२ तास ठेवाव्यात. धान्याच्या पिठातील ल्युकोनोस्टॉकसारखे जीवाणू ३७ अंशांना नीट वाढत नाहीत, आणि सगळ्या प्लेट एकाच इन्क्युबेटरमध्ये ठेवल्यामुळे ते पूर्णपणे निसटतात. ॲनारोबिक जार नसेल तर मेणबत्तीचा जार चालतो. मात्र त्यात ऑक्सिजन संपत नाही, फक्त कमी होतो, हे अहवालात तसेच लिहावे.

मोजणी ३० ते ३०० कॉलनी असलेल्या प्लेटवरच करावी. सहाव्या पायरीच्या प्लेटवर ८४ कॉलनी मिळाल्या आणि ०.१ मिलि द्राव पसरला असेल, तर ८४ ला १० लाखांनी गुणून ०.१ ने भागावे. उत्तर येते ग्रॅममागे ८४ कोटी.

इशारा : ०.१ ने भागायचे राहून गेले तर संख्या दहापट कमी येते. मोजणीत सर्वाधिक होणारी चूक हीच आहे.

टप्पा ४ : कॉलनी निवडणे, शुद्ध करणे आणि प्राथमिक ओळख

फक्त मोठ्या आणि ठळक कॉलनी उचलण्याचा मोह टाळावा. प्लेटवरील प्रत्येक वेगळ्या रूपाच्या दोन ते तीन कॉलनी घ्याव्यात : टाचणीच्या टोकाएवढ्या पांढऱ्या, भिंगासारख्या फुगीर, कडा विस्कटलेल्या, चिकट तार सुटणाऱ्या. प्रत्येक कॉलनी नव्या एमआरएस प्लेटवर स्ट्रीक करावी आणि त्यातील सुट्या कॉलनीवरून पुन्हा स्ट्रीक करावी. असे किमान तीन वेळा केल्यावर सगळ्या कॉलनी सारख्या दिसल्या आणि ग्राम रंजनात एकाच प्रकारच्या पेशी दिसल्या, तरच तिला शुद्ध म्हणावे.

प्राथमिक चाळणी साधी आहे. ग्राम धन, कॅटलेज (हायड्रोजन पेरॉक्साइड तोडणारे एन्झाइम) ऋण आणि बीजाणू नसलेला, हे तीन निकष लावावेत. यात कॅटलेज चाचणीकडे विशेष लक्ष द्यावे. निक्रोमच्या लूपने कॉलनी उचलून ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये घातली, तर धातूमुळेच बुडबुडे येऊ शकतात आणि चांगला जीवाणू विनाकारण बाद होतो. त्यासाठी लाकडी काडी किंवा प्लास्टिकचा लूप वापरावा. रक्त असलेल्या माध्यमावरची कॉलनी या चाचणीसाठी कधीही घेऊ नये, कारण रक्तपेशींमध्ये स्वतःचे कॅटलेज असते. काही लॅक्टिक जीवाणूही कमी ग्लुकोजच्या माध्यमावर क्षीण बुडबुडे देतात. म्हणून ही चाचणी नेहमीच्या एमआरएसवरील ताज्या वाढीवरच करावी.

ग्लुकोजपासून वायू तयार होतो का, हे ड्युरहम नळीने (ब्रॉथमध्ये उलटी ठेवलेली, वायू साठवणारी छोटी नळी) पाहताना ब्रॉथमधून अमोनियम सायट्रेट वगळावे. सायट्रेटपासूनही वायू निघतो आणि निकाल चुकतो.

शुद्ध झालेला प्रत्येक जीवाणू त्याच दिवशी २० टक्के ग्लिसरॉलमध्ये, निदान दोन नळ्यांत, उणे २० किंवा उणे ८० अंशांना ठेवावा. पुढची प्रत्येक चाचणी या साठ्यातून नव्याने वाढवलेल्या जीवाणूवर करावी. महिनोन्‌महिने प्लेटवरून प्लेटवर उचलत राहिल्यास बॅक्टेरिओसिन तयार करण्याची क्षमता नाहीशी होऊ शकते, कारण अनेक जीवाणूंमध्ये तिची जनुके प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरील, सहज गमावल्या जाणाऱ्या डीएनएच्या छोट्या वलयावर असतात.

टप्पा ५ : दर्शक जीवाणू निवडणे

ज्याची वाढ रोखली जाते का हे पाहायचे, तो दर्शक जीवाणू. इथे बहुतेक प्रकल्पांत ई. कोलाय आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे दोनच घेतले जातात, आणि मग निकाल लागण्याआधीच निष्कर्षाची दिशा चुकते. लॅक्टिक जीवाणूंची बॅक्टेरिओसिने ही प्रामुख्याने ग्राम धन जीवाणूंवर, आणि त्यातही जवळच्या नात्यातील जीवाणूंवर काम करतात. ग्राम ऋण जीवाणूंचे बाह्य पटल त्यांना आत येऊ देत नाही. निसिन हे ३४ अमिनो आम्लांचे, अन्नरक्षक म्हणून जगभर वापरले जाणारे बॅक्टेरिओसिन आहे, पण तेही एकटे वापरल्यास ई. कोलायला सहसा रोखत नाही. म्हणून ई. कोलायवर मोठा झोन पडला, तर आधी आम्लाचाच संशय घ्यावा.

दर्शकांचा संच असा घ्यावा : एक संवेदनशील ग्राम धन जीवाणू, उदाहरणार्थ मायक्रोकॉकस ल्युटियस, एक किंवा दोन लॅक्टिक आम्ल जीवाणू, आणि तुलनेसाठी एक ग्राम ऋण जीवाणू. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील एनसीआयएम या संग्रहातून, तसेच चंडीगडच्या एमटीसीसीमधून प्रमाणित जीवाणू मागवता येतात. क्रमांक माहीत नसलेला, ‘विभागातला जुना’ जीवाणू वापरू नये. लिस्टेरिया मोनोसायटोजीनस सुरक्षा व्यवस्था नसलेल्या प्रयोगशाळेत आणू नये. गर्भवतींना त्याचा गंभीर धोका असतो. त्याऐवजी लिस्टेरिया इनोक्युआ घ्यावा.

टप्पा ६ : पेशीरहित द्राव तयार करणे

साठ्यातून जीवाणू दोनदा ब्रॉथमध्ये वाढवून घ्यावा. तिसऱ्या वेळी १ टक्का बीज घालून योग्य तापमानाला १६ ते १८ तास वाढवावा. ‘जास्त वेळ म्हणजे जास्त बॅक्टेरिओसिन’ ही समजूत चुकीची आहे. बहुतेक बॅक्टेरिओसिनांचे प्रमाण वाढीच्या शेवटच्या भागात कळसाला पोहोचते, त्यानंतर प्रथिने तोडणाऱ्या एन्झाइममुळे आणि पेशींना चिकटल्यामुळे ते घटते. शक्य असल्यास १२, १६, २० आणि २४ तासांना नमुने काढून कोणता वेळ सर्वांत चांगला, हे आधी ठरवावे.

यापुढचा क्रम काटेकोर पाळावा.

१. ब्रॉथचा पीएच मोजून वहीत लिहावा. तो साधारण ३.८ ते ४.५ च्या दरम्यान येतो.

२. सेंट्रिफ्यूज करावे. शक्य असल्यास ४ अंशांना, ८००० ते १०,००० फेऱ्यांवर १५ मिनिटे.

३. वरचा द्राव गाळ न हलवता काढून घ्यावा.

४. त्यानंतरच त्याचा पीएच बदलावा.

५. सर्वांत शेवटी ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळावा.

पेशी असतानाच ब्रॉथ उदासीन केला तर निसिन आणि पेडिओसिनसारखी बॅक्टेरिओसिने पीएच ६ च्या आसपास स्वतः बनवणाऱ्या जीवाणूच्याच पेशींना चिकटतात आणि गाळाबरोबर फेकली जातात. अशा वेळी उदासीन द्रावात झोन न दिसल्यामुळे ‘बॅक्टेरिओसिन नाही’ असा निष्कर्ष निघतो, आणि खरा उत्पादक जीवाणू हातचा जातो. याच गुणधर्मामुळे पीएच २ च्या आसपास नेल्यास ही प्रथिने पेशींवरून पुन्हा सुटतात. पुढे शुद्धीकरण करायचे असेल तर ही गोष्ट उपयोगी पडते. गाळणीही प्रथिने कमी धरणारी, म्हणजे पॉलिइथरसल्फोनची किंवा सेल्युलोज ॲसिटेटची घ्यावी. नायट्रोसेल्युलोजच्या गाळणीवर बॅक्टेरिओसिन अडकून राहू शकते.

पडताळणी : गाळलेला ०.१ मिलि द्राव एमआरएस प्लेटवर पसरून ४८ तास ठेवावा. एकही कॉलनी आली तर तो द्राव पेशीरहित नाही, आणि त्यावर केलेली चाचणी मोजू नये.

टप्पा ७ : द्रावाचे भाग आणि त्यांचे कंट्रोल

सबंध प्रयोगाचे मोल या टप्प्यावर ठरते, म्हणून यासाठी एक संपूर्ण दिवस मोकळा ठेवावा. सेंट्रिफ्यूज केलेल्या द्रावाचे चार भाग पाडावेत.

भाग क : जसाच्या तसा, आम्लधर्मी.

भाग ख : सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ६.५ वर आणलेला.

भाग ग : भाग ख प्रमाणेच उदासीन केलेला, आणि त्यात मिलिलिटरला १ मिलिग्रॅम कॅटलेज घालून ३७ अंशांना तासभर ठेवलेला.

भाग घ : भाग ग प्रमाणेच तयार केलेला, आणि पुढे मिलिलिटरला १ मिलिग्रॅम प्रोटीनेज-के किंवा ट्रिप्सिन हे प्रथिने तोडणारे एन्झाइम घालून ३७ अंशांना दोन तास ठेवलेला.

उदासीन करताना फक्त १ नॉर्मल अल्कली वापरल्यास १० मिलि द्रावाला ती मिलिलिटरहून अधिक लागू शकते आणि द्राव पातळ होतो. सुरुवातीला ५ नॉर्मल अल्कली थेंबाथेंबाने घालून पीएच ६ पर्यंत न्यावा आणि शेवटचा टप्पा १ नॉर्मलने गाठावा. जेवढी अल्कली लागली तेवढेच निर्जंतुक पाणी भाग क मध्ये घालावे. त्याशिवाय दोन्ही भागांची तुलना योग्य होत नाही.

आता कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे नमुने. न वाढवलेला एमआरएस ब्रॉथ घेऊन त्याचा पीएच लॅक्टिक आम्लाने भाग क इतकाच करावा. यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरणे चुकीचे आहे, आणि याचे कारण नीट समजून घेणे आवश्यक आहे. लॅक्टिक आम्ल जीवाणूच्या पेशीत शिरते ते मुख्यतः विघटन न झालेल्या रेणूच्या रूपात, आणि आत गेल्यावर तिथला पीएच खाली आणते. या आम्लाचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे आम्ल अविघटित असते तो आकडा, सुमारे ३.८६ आहे. त्यामुळे पीएच ४.२ ला सुमारे ३१ टक्के आम्ल अविघटित असते, तर पीएच ६.५ ला जेमतेम ०.२ टक्के. हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ४.२ केलेल्या ब्रॉथमध्ये लॅक्टिक आम्लाचे रेणूच नसतात, त्यामुळे त्याचा झोन लहान येतो किंवा येतच नाही, आणि ‘एवढ्या आम्लाने झोन पडत नाही, म्हणजे आपला झोन बॅक्टेरिओसिनचा’ असा खोटा दिलासा मिळतो.

याशिवाय पुढील कंट्रोल त्याच प्लेटवर किंवा निदान त्याच दिवशी ठेवावेत : न वाढवलेला उदासीन एमआरएस, उदासीन एमआरएसमध्ये कॅटलेज, उदासीन एमआरएसमध्ये प्रोटीनेज, आणि धन कंट्रोल म्हणून निसिनचा ज्ञात द्राव. निसिन आधी ०.०२ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवावे, कारण उदासीन पाण्यात त्याची विद्राव्यता आणि स्थिरता दोन्ही कमी असतात. निसिनचा थोडा भाग प्रोटीनेज-केच्या नळीतही ठेवावा. त्याचा झोन गेला नाही, तर आपले एन्झाइमच निकामी असल्याचा संशय घ्यावा.

इशारा : प्रोटीनेज उकळून निष्क्रिय करणार असाल, तर एन्झाइम न घातलेली जोडीची नळीही तेवढाच वेळ उकळावी.

टप्पा ८ : प्लेट तयार करून वेल भरणे

९० मिलिमीटरच्या प्लेटमध्ये मोजून २० ते २५ मिलि अगार ओतावे आणि प्लेट सपाट ओट्यावर गोठू द्यावी. प्लेट तिरकी असेल तर एका बाजूचा झोन विनाकारण मोठा दिसतो. दर्शक जीवाणूचा द्राव ०.५ मॅकफार्लंड (गढूळपणाचे प्रमाणित माप) इतका, म्हणजे मिलिलिटरला सुमारे १५ कोटी पेशींचा करावा आणि निर्जंतुक बोळ्याने तीन दिशांनी पसरावा. दर्शक लॅक्टिक आम्ल जीवाणू असेल तर एमआरएस अगार, इतरांसाठी न्यूट्रिएंट किंवा म्युलर-हिंटन अगार घ्यावे.

६ मिलिमीटरच्या निर्जंतुक कॉर्क बोररने वेल (अगारमधील लहान खड्डे) पाडावेत आणि त्यातील अगारचा तुकडा अलगद उचलावा. तुकडा ओढून काढला तर प्लेटच्या तळापासून अगार सुटते, आणि द्राव खालून पसरून वाकडातिकडा, प्रचंड झोन तयार करतो. प्रत्येक वेलच्या तळाशी वितळलेल्या मऊ अगारचा एक थेंब सोडून तो बंद करावा. दोन वेलमध्ये निदान २५ मिलिमीटर अंतर ठेवावे. प्रत्येकात ५० मायक्रोलिटर द्राव भरावा आणि प्लेट दोन तास ४ अंशांना ठेवून मग इन्क्युबेटरमध्ये न्यावी. प्रथिने अगारमधून सावकाश पसरतात. हा थंड कालावधी गाळला तर दर्शकाची वाढ आधी सुरू होते आणि खरा झोन दिसतच नाही.

याच प्लेटवर आणखी एक सोपी आणि डोळ्यांना पटणारी चाचणी करता येते. भाग ख च्या वेलपासून साधारण ५ मिलिमीटरवर एक लहान वेल पाडून त्यात प्रोटीनेज भरावे. बॅक्टेरिओसिन असेल तर गोल झोन एन्झाइमच्या बाजूने चपटा होतो, तिथे दर्शकाची दाट वाढ आत सरकते आणि उरलेला झोन चंद्रकोरीसारखा दिसतो. या प्लेटचे छायाचित्र प्रकल्पाच्या अहवालात अवश्य लावावे. परीक्षकाला त्याइतका थेट पुरावा दुसरा मिळणार नाही.

टप्पा ९ : मोजणे आणि अर्थ लावणे

झोन व्हर्नियर कॅलिपरने दोन काटकोनी दिशांनी मोजावा. मापात वेलचा व्यास धरला आहे की नाही, हे स्पष्ट लिहावे. एकाच ब्रॉथमधून भरलेले तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. साठ्यातून तीन वेगवेगळ्या दिवशी जीवाणू वाढवून केलेल्या चाचण्यांनाच तीन आवृत्त्या म्हणावे.

अर्थ असा लावावा. भाग क मध्ये झोन आहे आणि भाग ख मध्ये नाही, तर परिणाम आम्लाचा होता. भाग ख मध्ये आहे, पण ग मध्ये नाही, तर तो हायड्रोजन पेरॉक्साइडचा. ख आणि ग मध्ये टिकून घ मध्ये गेला, तर प्रथिन स्वरूपाचा घटक असल्याचा सबळ पुरावा मिळाला, आणि आता बॅक्टेरिओसिन हा शब्द ‘सदृश पदार्थ’ या शब्दांसह वापरता येतो. घ मध्येही झोन टिकला, तर घटक प्रथिन नाही किंवा त्या एन्झाइमला दाद देत नाही. मग दुसरे एन्झाइम वापरून पाहावे.

एक शक्यता अजून उरते. झोन जीवाणूभक्षक विषाणूचा, म्हणजे फाजचाही असू शकतो, आणि फाजचे कवच प्रथिनाचेच असते. त्यासाठी द्रावाची दुप्पट-दुप्पट विरलने करून प्रत्येकाचे ५ मायक्रोलिटर दर्शकाच्या थरावर ठेवावेत. बॅक्टेरिओसिनचा ठिपका विरलनाबरोबर फिका होत नाहीसा होतो, तर फाजचा ठिपका सुट्या, बारीक, स्वच्छ बिंदूंमध्ये फुटतो.

हीच विरलने वेलमध्ये भरून क्रियाशीलतेचा आकडाही काढता येतो. ५० मायक्रोलिटर द्राव वापरला आणि झोन देणारे शेवटचे विरलन १६ पट असेल, तर १६ गुणिले १००० भागिले ५०, म्हणजे मिलिलिटरला ३२० एकके. दोन जीवाणूंची तुलना या आकड्यावर करावी. झोनचा व्यास रेणूच्या आकारमानावर, अगारच्या जाडीवर आणि दर्शकाच्या दाटपणावरही अवलंबून असल्यामुळे केवळ मिलिमीटर पाहून ‘हा जीवाणू जास्त प्रभावी’ असे म्हणता येत नाही.

टप्पा १० : हळद, लसूण यांचे अर्क जोडीला घेत असाल तर

अनेक प्रकल्पांत जीवाणूंबरोबर मसाल्यांचे अर्कही तपासले जातात. तिथेही प्रश्न तोच : झोन कशाने पडला? अर्क इथेनॉल किंवा डीएमएसओमध्ये केला असेल, तर तेवढ्याच प्रमाणातील नुसत्या द्रावकाचा वेल ठेवणे बंधनकारक समजावे. लसूण चेचल्यावर एन्झाइमच्या क्रियेने ॲलिसिन तयार होते. पाकळ्या आधी उकळल्यास ते एन्झाइम नष्ट होते आणि अर्क निष्प्रभ ठरतो, म्हणून चेचून दहा-पंधरा मिनिटे ठेवावे आणि ताजाच वापरावा. हळदीतील कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही आणि अगारमधून पसरत नाही, त्यामुळे झोन नसणे हा त्याच्या निष्क्रियतेचा पुरावा नाही. अशा पदार्थांसाठी वेलमध्ये द्राव भरण्याची पद्धत सोडून ब्रॉथमधील किमान रोधक मात्रा काढावी.

टप्पा ११ : ओळख पटवणे आणि अहवाल लिहिणे

जैवरासायनिक चाचण्यांवरून लॅक्टिक जीवाणूची प्रजाती ठामपणे सांगू नये. १६एस आरआरएनए जनुकाचा क्रम काढून घ्यावा. पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रासारख्या संस्थांमध्ये ही सोय आहे. तरीही प्लँटारम, पॅराप्लँटारम आणि पेंटोसस या प्रजाती केवळ या जनुकावरून वेगळ्या करता येत नाहीत, त्यासाठी रेकए जनुक तपासावे लागते. नावे लिहिताना २०२० मधील वर्गीकरण पाळावे : जुन्या लॅक्टोबॅसिलस या वंशाचे (जीनसचे) २५ वंशांत विभाजन झाले असून लॅक्टोबॅसिलस प्लँटारम आता लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटारम म्हणून ओळखला जातो.

‘प्रोबायोटिक’ हा शब्द इथे वापरू नये. पुरेशा प्रमाणात घेतल्यावर शरीराला लाभ देणारा जिवंत सूक्ष्मजीव, अशी अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची व्याख्या आहे, आणि प्लेटवरील झोन तो लाभ सिद्ध करत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रकार (स्ट्रेन) पातळीवरील ओळख, आम्ल आणि पित्तक्षार सहन करण्याची क्षमता, प्रतिजैविकांना असलेला प्रतिरोध, सुरक्षितता आणि माणसांवरील चाचण्या अशा अनेक पायऱ्या त्याआधी येतात. प्रयोगशाळेत वेगळा केलेला जीवाणू चाखून पाहणे किंवा घरी विरजणाला नेणे कटाक्षाने टाळावे, मग तो दह्यातून आलेला का असेना.

अहवालातील निष्कर्षाचे वाक्य मोजके असावे. उदाहरणार्थ : ‘नाचणीच्या आंबिलीतून मिळालेल्या प्रकार क्रमांक ७ च्या उदासीन आणि कॅटलेजप्रक्रिया केलेल्या पेशीरहित द्रावाने मायक्रोकॉकस ल्युटियसची वाढ रोखली, प्रोटीनेज-के प्रक्रियेनंतर हा परिणाम नाहीसा झाला.’ त्याखाली माध्यम, तापमान, वाढीचे तास, ब्रॉथचा मूळ पीएच, वापरलेली अल्कली, वेलचा व्यास, भरलेला द्राव, दर्शकाचा संग्रह क्रमांक आणि प्रत्येक कंट्रोलचा निकाल तक्त्यात द्यावा. ज्या जीवाणूंचा परिणाम केवळ आम्लाचा निघाला, त्यांचेही आकडे वगळू नयेत. त्याच आंबिलीवर पुढच्या वर्षी काम करणाऱ्याला त्यांचा उपयोग होतो. वापरलेल्या सर्व प्लेट, टिप आणि नळ्या १२१ अंशांना ऑटोक्लेव्ह केल्यावरच टाकाव्यात आणि ग्लिसरॉलमधील नळ्यांची यादी साठ्याच्या नोंदवहीत चढवावी.